अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र: वाचायचं कसं आणि त्यामागे काय असावं लागतं

रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्राची फक्त वरची ठळक ओळ वाचून बहुतेक जण पुढे जातात. कामाची माहिती खालच्या बारीक अक्षरांत असते, आणि त्यातही 'स्कोप' या एका वाक्यात. समजा तिथे लिहिलंय, 'दूध भुकटी पाउचमध्ये भरणे'. याचा अर्थ ऑडिटरने भरण्याचं काम तपासलं. भुकटी ज्या ड्रायरमध्ये तयार होते तो ड्रायर, त्याआधीचं पाश्चरायझेशन, त्याच आवारातला लोण्याचा विभाग, यांबद्दल हे प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. पत्त्याचंही तसंच. प्रमाणपत्र कंपनीला मिळालं असं आपण बोलताना म्हणतो, पण ते मिळतं एका ठिकाणाला. त्याच कंपनीचा दुसरा प्लांट त्यात आपोआप येत नाही. माल नेमक्या कुठल्या पत्त्यावरून येतोय आणि प्रमाणपत्रावर कुठला पत्ता आहे, हे ताडून पाहणारे खरेदीदार फार थोडे असतात.

कोण कोणाला तपासतं

'आम्हाला आयएसओने सर्टिफाय केलं' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संघटना कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानक लिहिते. तपासणी करून प्रमाणपत्र देते ती प्रमाणन संस्था. ही संस्था ते काम नीट करते का, हे पाहणारी आणखी एक संस्था असते, तिला अॅक्रेडिटेशन संस्था म्हणतात. प्रमाणपत्रावर प्रमाणन संस्थेच्या लोगोशेजारी अॅक्रेडिटेशनची खूण नसेल, तर थांबून चौकशी करावी. त्या खुणेशिवायचं प्रमाणपत्र कोणीही छापू शकतं.

आता मानकं. सगळ्यांच्या मुळाशी कोडेक्स आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी मिळून १९६३ मध्ये स्थापन केलेला हा आयोग. अन्नस्वच्छतेची सर्वसाधारण तत्त्वं आणि हॅसपची, म्हणजे धोके ओळखून ते प्रक्रियेतच अडवण्याची, पद्धत त्याच्या दस्तऐवजात आहे. आयएसओ २२००० हे मानक २००५ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. त्याने हॅसपभोवती व्यवस्थापनाची चौकट उभी केली: धोरण, जबाबदाऱ्या, प्रशिक्षण, अंतर्गत ऑडिट, आढावा. पण फरशी कशी असावी, हात धुण्याची बेसिनं कुठे असावीत, काचेच्या तुकड्यांपासून बचाव कसा करावा, असा तपशील त्यात फारसा नाही. तो भरून काढायला एफएसएससी २२००० ही योजना आली. आयएसओ २२०००, मूलभूत स्वच्छतेच्या गरजांची वेगळी तांत्रिक मानकं आणि योजनेच्या स्वतःच्या जादा अटी, अशी तिची बेरीज आहे.

दुसरीकडे मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी आपली मानकं काढली. ब्रिटनमधून १९९८ मध्ये आलेलं आणि आज बीआरसीजीएस नावाने चालणारं मानक, जर्मन आणि फ्रेंच विक्रेत्यांच्या संघटनांचं आयएफएस, ऑस्ट्रेलियात सुरू होऊन आता अमेरिकेतून चालणारं एसक्यूएफ. प्रत्येक विक्रेता वेगळं ऑडिट मागू लागला तेव्हा कारखानदार मेटाकुटीला आले. त्यावर तोडगा म्हणून २००० मध्ये जीएफएसआय हा उपक्रम सुरू झाला. जीएफएसआय स्वतः प्रमाणपत्र देत नाही. तो या योजना एकाच मापाने मोजतो आणि मान्यता देतो, म्हणजे एका मान्य योजनेचं प्रमाणपत्र असलं की इतरांनीही ते स्वीकारावं. नुसत्या आयएसओ २२००० ला ही मान्यता नाही, एफएसएससी २२००० ला आहे. निर्यातीची ऑर्डर मिळाल्यावर हा फरक कळून धावपळ करणारे बरेच असतात. म्हणून कुठलं मानक घ्यायचं हे आधी ग्राहकाला विचारून ठरवावं.

नमुने तपासून भागत का नाही

हॅसपचा जन्म अंतराळवीरांच्या जेवणातून झाला. १९६० च्या आसपास पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची नॅटिक प्रयोगशाळा मिळून हे जेवण तयार करत होत्या. तयार माल तपासून सुरक्षिततेची खात्री करायची, तर बॅचचा मोठा हिस्सा तपासणीतच संपत होता.

यामागचं गणित सोपं आहे. समजा हजारातलं एक पाकीट दूषित आहे. तुम्ही बॅचमधून ६० पाकिटं उचलून तपासली, तर दूषित पाकीट हाती लागण्याची शक्यता सुमारे ६ टक्के. म्हणजे शंभरपैकी चौऱ्याण्णव वेळा 'नमुने ठीक' असा अहवाल येईल आणि माल बाहेर जाईल. ही शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची तर जवळपास ३००० पाकिटं फोडावी लागतील. प्रयोगशाळेचा 'आढळले नाही' हा शेरा आलेल्या नमुन्यापुरताच असतो. म्हणून तयार मालाऐवजी प्रक्रियेवर पकड ठेवायची, जिथे धोका मरतो किंवा अडतो ती जागा शोधून तिथे सतत नजर ठेवायची, हा हॅसपचा गाभा. इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेल्या या नावाचा अर्थच 'धोक्यांचं विश्लेषण आणि निर्णायक नियंत्रण बिंदू' असा आहे.

कोडेक्सने यासाठी १२ पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पाच तयारीच्या (टीम, उत्पादनाचं वर्णन, कोण कसं खाणार, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, आणि तो जागेवर जाऊन पडताळणं) आणि पुढची सात तत्त्वं. लोक सात तत्त्वं पाठ करतात आणि पाचवी पायरी गाळतात. फ्लो चार्ट ऑफिसात बसून काढला जातो. रात्रपाळीला लाइनवर उभं राहिलं की कागदावर नसलेल्या गोष्टी दिसतात: फुटक्या पाकिटांतला माल ज्यात जमा करून सकाळच्या बॅचमध्ये टाकतात तो टब, फिल्टर तुंबला की तात्पुरता जोडला जाणारा होजपाइप, पंप बिघडल्यावर बादलीने ओतला जाणारा सिरप. धोका अशाच वाटांनी शिरतो. फ्लो चार्टवर रीवर्कचा, म्हणजे पुन्हा प्रक्रियेत टाकलेल्या मालाचा, बाण नसेल, तर तो फ्लो चार्ट अपुरा आहे असं खुशाल समजावं.

सीसीपी म्हणजे काय, एका पाश्चरायझरवरून

दुधाचं पाश्चरायझेशन हे सीसीपीचं, म्हणजे निर्णायक नियंत्रण बिंदूचं, सर्वांत स्वच्छ उदाहरण. मर्यादा ठरलेली आहे: किमान ७२ अंश सेल्सिअस, किमान १५ सेकंद. दूध होल्डिंग ट्यूबमधून जातं आणि तिच्या शेवटच्या टोकाला तापमान मोजलं जातं. ते मर्यादेखाली गेलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह फिरतो आणि दूध पुढे न जाता परत बॅलन्स टँकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या कच्च्या दुधाच्या टाकीत, येतं.

एवढं वाचून वाटतं की तापमानाचा चार्ट दाखवला की झालं. जाणकार ऑडिटर तिथे थांबत नाही. १५ सेकंद कशावरून, हे तो विचारतो. ट्यूबची लांबी तीच असेल पण कोणी पंपाचा वेग वाढवला असेल, तर दूध लवकर बाहेर पडेल आणि तापमानाचा चार्ट मात्र निर्दोष दिसेल. म्हणून पंपाचा वेग सील केलेला असावा लागतो. दुसरा प्रश्न प्लेट हीट एक्स्चेंजरचा. तिथे एका पातळ प्लेटच्या एका बाजूला कच्चं दूध आणि दुसऱ्या बाजूला पाश्चराइज झालेलं दूध वाहतं. प्लेटला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तर गळती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे होते. त्यामुळे पाश्चराइज बाजूचा दाब कायम जास्त ठेवायचा, म्हणजे गळती झालीच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल, कच्चं चांगल्यात येणार नाही. हा दाबफरक कोणी पाहतं का, नोंदवतं का, प्लेटची चाचणी कधी झाली, हे प्रश्न विचारले की यंत्रणा कागदावरची आहे की खरी, ते पाच मिनिटांत कळतं.

इथे तीन शब्दांची गल्लत हमखास होते. मॉनिटरिंग म्हणजे काम चालू असताना तापमान पाहणं. व्हेरिफिकेशन म्हणजे मागाहून खात्री करणं: चार्ट तपासणं, थर्मामीटरचं कॅलिब्रेशन, दुधाची फॉस्फटेज चाचणी. फॉस्फटेज हे दुधातलं एन्झाइम रोगजंतू मारायला लागते त्यापेक्षा थोड्या अधिक उष्णतेला नष्ट होतं, त्यामुळे ते उरलेलं नसणं हा पाश्चरायझेशन झाल्याचा पुरावा ठरतो. आणि व्हॅलिडेशन म्हणजे ठरवलेली मर्यादा मुळात पुरेशी आहे हे आधी सिद्ध करणं. शिजवलेल्या पदार्थाच्या मधोमध ७० अंश तापमान २ मिनिटं टिकलं तर लिस्टेरिया हा रोगजंतू दहा लाख पटीने घटतो, हे प्रस्थापित आहे. पण तुमच्या ओव्हनमध्ये सगळ्यात थंड राहणाऱ्या कोपऱ्यातल्या, सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध ७० अंश येतात का, हे तुम्हालाच मोजून दाखवावं लागतं. ओव्हनच्या पॅनलवरचा आकडा हवेचा असतो.

प्रत्येक धोक्यासाठी सीसीपी लागत नाही. पाणी, सफाई, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, कामगारांची स्वच्छता हा सगळा पाया पीआरपीत, म्हणजे मूलभूत स्वच्छतेच्या कार्यक्रमांत, येतो. पीआरपी आणि सीसीपी यांच्या मधली पायरी ओपीआरपी. विशिष्ट धोका आटोक्यात ठेवण्यासाठी ती महत्त्वाची असते, पण तिचा निकष मोजता येण्याजोगा किंवा नुसता डोळ्यांनी पाहता येण्याजोगाही चालतो. सीसीपीची मर्यादा मात्र मोजता आलीच पाहिजे. 'जास्त सीसीपी म्हणजे जास्त सुरक्षित' असं समजून वीस-वीस सीसीपी काढलेल्या योजना असतात. त्यांत कुठलाच नीट सांभाळला जात नाही.

मेटल डिटेक्टरपाशी उभं राहून

ऑडिटर हमखास थांबतो ती जागा म्हणजे मेटल डिटेक्टर. चाचणीसाठी तीन तुकडे असतात: लोखंडी, लोखंड नसलेल्या धातूचा आणि स्टेनलेस स्टीलचा. १.५, २.० आणि २.५ मिलिमीटर ही मापं बऱ्याच लाइनवर दिसतात, पण नेमकं माप यंत्र, उत्पादन आणि पाकिटाच्या आकारावर ठरतं. स्टेनलेस पकडणं सगळ्यात अवघड, आणि कारखान्यातली बहुतेक यंत्रं स्टेनलेसचीच. चाचणीचा तुकडा बोगद्याच्या मध्यातून जायला हवा, कारण तिथे यंत्राची संवेदनशीलता सगळ्यात कमी असते. तो खऱ्या पाकिटाबरोबर जायला हवा, कारण ओला, खारट माल स्वतःच वीज वाहतो आणि सिग्नल बिघडवतो. आणि नुसता बझर वाजून उपयोग नाही. पाकीट लाइनवरून बाहेर ढकललं जाऊन कुलूपबंद पेटीत पडलं पाहिजे. हवेचा दाब कमी असला की यंत्र धातू ओळखतं, दिवा लागतो, आणि पाकीट निवांत पुढे निघून जातं.

चाचणी दर किती वेळाने घ्यायची? ती नापास झाली तर काय होईल, यावरून ठरवा. मागची यशस्वी चाचणी झाल्यापासूनचा सगळा माल रोखून पुन्हा तपासावा लागतो. लाइनचा वेग मिनिटाला ६० पाकिटं असेल तर तासाच्या चाचणीत ३६०० पाकिटं अडकतील, चार तासांच्या चाचणीत १४,४००. आणि त्यातली काही तोवर ट्रकमध्ये चढलेली असतील. वारंवारता ठरवताना डिस्पॅचचं वेळापत्रक समोर असावं ते यासाठी.

ऑडिट कसं होतं आणि कुठे अडतं

आयएसओ २२००० आणि एफएसएससी २२००० चं चक्र तीन वर्षांचं. पहिलं ऑडिट दोन टप्प्यांत होतं. टप्पा एकमध्ये कागदपत्रं आणि तयारी पाहतात, तोवर अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा झालेला असावा लागतो. टप्पा दोनमध्ये प्रत्यक्ष काम. नंतर दर वर्षी देखरेखीचं ऑडिट आणि तीन वर्षांनी पुनर्प्रमाणन. एफएसएससीमध्ये तीन वर्षांत किमान एक ऑडिट न कळवता होतं. बीआरसीजीएसमध्ये एए, ए, बी, सी, डी अशा श्रेणी आहेत. सी किंवा डी मिळाली तर पुढचं ऑडिट वर्षाऐवजी सहा महिन्यांनी. श्रेणीपुढे अधिकचं चिन्ह असेल तर ते ऑडिट न कळवता झालं होतं. आमच्या मते श्रेणीइतकंच वजन या चिन्हाला द्यायला हवं. तुमची यंत्रणा उभी करून देणारा सल्लागार आणि तिला प्रमाणपत्र देणारी संस्था एकच असू शकत नाही. 'सल्ला आणि सर्टिफिकेट एकाच पॅकेजमध्ये' असं कोणी सांगत असेल तर तिथून निघावं.

त्रुटींना एनसी म्हणतात: किरकोळ, मोठी आणि गंभीर. सगळ्यात जास्त एनसी अवघड विज्ञानात निघत नाहीत, साध्या नोंदींत निघतात. चिलरच्या रजिस्टरमध्ये आठवडाभर दर तासाला नेमके ४.० अंश, एकाच पेनाने, एकाच तिरकस अक्षरात. खऱ्या चिलरचं तापमान दार उघडलं की वर जातं, डीफ्रॉस्टच्या वेळी वर जातं. सरळ रेषेतल्या नोंदी म्हणजे कोणीतरी शिफ्ट संपताना बसून भरलेलं रजिस्टर. त्याहून वाईट म्हणजे दुपारी दोनला आलेल्या ऑडिटरला संध्याकाळी पाचची नोंद आधीच भरलेली दिसणं. तिथे प्रश्न चिलरचा राहत नाही, सगळ्या नोंदींवरचा विश्वास जातो.

एनसीला दिलेली उत्तरंही बोलकी असतात. रात्री दोनची मेटल डिटेक्टर चाचणी राहून गेली, आणि सुधारणा म्हणून लिहिलं, 'ऑपरेटरला समज दिली'. हे उत्तर स्वीकारलं जात नाही, आणि जाऊही नये. चाचणी का राहिली? ऑपरेटर जेवायला गेला होता. बदली माणसाने का घेतली नाही? त्याला चाचणी शिकवलेली नव्हती. का नव्हती? प्रशिक्षणाच्या यादीत फक्त कायम ऑपरेटरांची नावं आहेत. आता खरं कारण हाती लागलं, आणि दुरुस्ती त्या यादीत करायची आहे.

मग येतो ट्रेसेबिलिटीचा सराव. ऑडिटर तयार मालाचं एक पाकीट उचलतो आणि त्यात गेलेला प्रत्येक घटक कुठून आला, आणि तीच बॅच कुठे कुठे गेली, ते दाखवायला सांगतो. बीआरसीजीएसमध्ये यासाठी चार तास मिळतात. नावं जुळली की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण खरी परीक्षा वजनाची असते. एका घटकाची ५०० किलोची लॉट आली. रेसिपीत ४६० किलो गेली, १२ किलो वाया, २० किलो स्टोअरमध्ये शिल्लक. बेरीज ४९२. उरलेले ८ किलो कुठे गेले? बहुतेक वेळा उत्तर त्या नोंद न झालेल्या रीवर्कच्या टबात सापडतं. माल परत बोलावायची वेळ आली तर हे ८ किलो ज्या बॅचमध्ये मिसळले, ती बॅच बाजारातच राहील.

अॅलर्जनबाबत, म्हणजे अॅलर्जी आणणाऱ्या घटकांबाबत, सफाईवर भर दिला जातो, तो योग्यच आहे: डोळ्यांना स्वच्छ दिसणं पुरेसं नाही, त्या अॅलर्जनच्या प्रथिनाची चाचणी घेऊन सफाईची पद्धत सिद्ध करावी लागते. पण मोठा घात लेबलात होतो. एक उत्पादन संपून दुसरं सुरू होताना जुन्या लेबलांचा रोल यंत्रावरच राहतो, आणि शेंगदाणा असलेला माल शेंगदाण्याचा उल्लेख नसलेल्या पाकिटात जातो. बदलाच्या वेळी लाइन पूर्ण रिकामी करणं, उरलेली लेबलं मोजून परत करणं आणि पहिलं पाकीट दुसऱ्या माणसाने वाचून सही करणं, एवढ्या तीन गोष्टींनी बराच धोका टळतो.

लिस्टेरियाचं वेगळं. तो फ्रिजच्या तापमानातही वाढतो आणि गटारं, कन्व्हेयरचे पोकळ रोलर, फरशीच्या भेगा अशा ओल्या जागी घर करतो. म्हणून यंत्रांचे आणि परिसराचे स्वॅब, म्हणजे पृष्ठभाग पुसून नमुने, घेतात. ते सफाईनंतर लगेच घेतले तर जंतुनाशकाचा अंमल असतो आणि सगळं निर्दोष येतं. काम सुरू होऊन तीन-चार तास झाल्यावर, लपलेले जंतू हलून बाहेर पडल्यावर घ्यावेत. वर्षानुवर्षं एकही स्वॅब पॉझिटिव्ह येत नसेल तर स्वॅबच्या जागा बदलून पाहाव्यात.

प्रमाणपत्र असूनही

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या जेन्सन फार्म्सच्या खरबुजांतून लिस्टेरिया पसरला. १४७ जण आजारी पडले, ३३ जणांचा मृत्यू झाला. साथ सुरू होण्याच्या काही दिवस आधी तिथल्या पॅकिंग शेडला त्रयस्थ ऑडिटमध्ये १०० पैकी ९६ गुण मिळाले होते. नंतरच्या सरकारी तपासात दिसलं ते असं: धुण्याचं यंत्र आधी दुसऱ्या शेतमालासाठी वापरलेलं आणि नीट साफ न होणारं, जमिनीवर साचलेलं पाणी, शीतगृहात ठेवण्यापूर्वी फळातली शेतातली उष्णता काढायची सोय नाही. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घालत नाहीत, ही गोष्ट तर ऑडिट अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलेली होती. ती पाहिली गेली, नोंदवली गेली आणि तरीही गुण मिळाले, कारण त्या तपासणीत मोजमाप यादीचं होतं, धोक्याचं नव्हतं. गुणांपेक्षा अहवाल वाचणं महत्त्वाचं का, याचं याहून विदारक उदाहरण नाही.

२००८ मधल्या चीनमधल्या मेलॅमाइन प्रकरणाने दुसरी फट दाखवली. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात मेलॅमाइन हे औद्योगिक रसायन मिसळलं जात होतं. प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलॅमाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे चाचणी पास व्हायची. सहा बालकं दगावली, सुमारे तीन लाख मुलांना त्रास झाला. चुकून होणारे धोके शोधायला हॅसप आहे; जाणूनबुजून केलेली भेसळ त्यात सापडत नाही. जीएफएसआयची मान्यता असलेल्या योजनांमध्ये आज भेसळीच्या शक्यतेचं आणि घातपाताच्या शक्यतेचं मूल्यांकन वेगवेगळं मागतात ते म्हणूनच. कुठल्या कच्च्या मालाचा भाव अचानक चढलाय, कुठला पुरवठादार बाजारभावापेक्षा बराच खाली देतोय, हे खरेदी विभागाला माहीत असतं. हे मूल्यांकन करताना त्या विभागातला माणूस टीममध्ये नसेल तर कागद भरला जातो, धोका दिसत नाही.

पुरवठादाराचं प्रमाणपत्र ईमेलने आलं की ते फाइलला लावण्याआधी त्याचा क्रमांक योजनेच्या किंवा प्रमाणन संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत टाकून पाहा, कारण निलंबित झालेल्या प्रमाणपत्राची पीडीएफ आधीसारखीच दिसते. त्याबरोबर पूर्ण ऑडिट अहवाल मागा, निघालेल्या एनसी आणि त्यांवर दिलेली उत्तरं मागा. तुम्ही विकत घेताय ती वस्तू स्कोपच्या वाक्यात आहे का, आणि 'वगळलेले' म्हणून खाली काही लिहिलंय का, ते वाचा. अहवाल द्यायला पुरवठादार टाळाटाळ करत असेल, तर पहिली ऑर्डर देण्याआधी स्वतः जाऊन प्लांट पाहून या, आणि जमलं तर रात्रपाळीला.